सरासरीचा वाण आणि दुष्काळाचे वर्ष : पानसे-सुखात्मे यांच्या ग्रंथाच्या उपयोगाची समीक्षा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही कृषी विद्यापीठात पदव्युत्तर पदवीसाठी सादर झालेला पीकवाणांवरील प्रबंध उघडून पाहिला, तर ‘साधनसामग्री व पद्धती’ या प्रकरणाच्या अखेरीस एक वाक्य बहुधा आढळतेच : मिळालेल्या आकडेवारीचे विश्लेषण पानसे व सुखात्मे यांनी दिलेल्या पद्धतीनुसार करण्यात आले. कंसातील वर्ष कधी १९५४ असते, कधी १९६७, तर कधी १९८५. वाक्य मात्र बदलत नाही. पिके बदलली, वाण बदलले, हाताने फिरवण्याच्या गणनयंत्राची जागा संगणकाने घेतली, तरी हे वाक्य एका प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात जसेच्या तसे उतरत आले आहे. एखाद्या ग्रंथाचा याहून मोठा गौरव होणे कठीण. मात्र ज्या ग्रंथाचे नाव घेणे पुरेसे मानले जाते, तो वाचण्याची गरजही कालांतराने वाटेनाशी होते.

प्रस्तुत लेखात त्या ग्रंथाची केवळ स्तुती किंवा केवळ निंदा करण्याचा हेतू नाही. त्या ग्रंथातील नेमका कोणता भाग आपल्या वापरात राहिला, कोणता सुटला आणि सुटलेल्या भागाची किंमत मराठवाड्यासारख्या कोरडवाहू प्रदेशात कोणाला मोजावी लागते, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांपुरता मर्यादित नाही. पेरणीच्या वेळी शेतकरी बियाण्याची जी पिशवी विकत घेतो, तिच्यावरील वाणाचे नाव अशाच विश्लेषणाच्या चाळणीतून पुढे आलेले असते. शास्त्रज्ञाला चाचणी पुढील वर्षी पुन्हा घेता येते, शेतकऱ्याचा हंगाम मात्र एकच असतो.

ग्रंथ आणि ग्रंथकार

‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ हा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्याचे दोन्ही लेखक मराठी भाषक असावेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली जात नाही. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पुढे ते लंडनला गेले आणि आधुनिक संख्याशास्त्राची घडण जेथे होत होती त्या वर्तुळात त्यांनी पीएच.डी. मिळवली. व्ही. जी. पानसे हे मूळचे आनुवंशशास्त्रज्ञ. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीमध्ये कापसावर काम करीत असताना ते संख्याशास्त्राकडे वळले. एकाची दृष्टी नमुना पाहणीच्या अंगाने घडली, दुसऱ्याची रोपांच्या ओळीतून चालत असताना. ग्रंथात या दोन्ही दृष्टी एकत्र आल्या आहेत.

ग्रंथाचे शीर्षकही सूचक आहे. रोनाल्ड फिशर यांचा १९२५चा प्रसिद्ध ग्रंथ ‘रिसर्च वर्कर्स’साठी, म्हणजे संशोधकांसाठी होता. पानसे-सुखात्मे यांनी ‘ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ असा शब्द योजला. ज्याला सिद्धता नको, पण हातातील आकड्यांतून प्रामाणिक निष्कर्ष काढावयाचा आहे, असा प्रक्षेत्रावरील कार्यकर्ता त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यामुळे ग्रंथ उदाहरणांनी भरलेला आहे. प्रत्येक रीत एका प्रत्यक्ष प्रयोगाच्या आकड्यांवर, पायरीपायरीने सोडवून दाखवली आहे. यादृच्छिक गट आराखडा, लॅटिन चौरस, विभाजित वाफे, सहप्रचरण विश्लेषण, हरवलेल्या वाफ्याचा अंदाज, अपूर्ण गटांचे आराखडे, अनेक ठिकाणच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण आणि नमुना पाहणी असा त्याचा विस्तार आहे.

पानसे यांच्या इंदूर येथील आरंभीच्या कामाचा उल्लेख येथे मुद्दाम करावासा वाटतो. जे. बी. हचिन्सन यांच्यासह त्यांनी १९३५ साली कापसाच्या चाचण्यांतील वाफ्याचा आकार, त्याची लांबी-रुंदी आणि मांडणी यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. संपूर्ण क्षेत्रात एकच वाण पेरायचा, लहान लहान तुकडे करून प्रत्येकाचे उत्पादन स्वतंत्रपणे मोजायचे आणि जमिनीची असमानता कोणत्या दिशेने कशी वाहते ते पाहायचे, ही एकरूपता चाचणीची रीत. आराखडा नंतर, आधी जमीन, असा हा क्रम आहे. माळव्याची काळी जमीन आणि मराठवाड्याची काळी जमीन या बेसाल्टच्या एकाच कुळातील आहेत. येथेही एकाच प्रक्षेत्रावर काही पावलांच्या अंतरात भारी जमीन मध्यम होते आणि मध्यम जमिनीखाली मुरूम लागतो. असे असता आपल्या प्रबंधांत गट कोणत्या आधारावर पाडले, मातीची खोली मोजली होती काय, उतार कोणत्या दिशेला होता, याविषयी एखादे वाक्यही क्वचितच सापडते. गट नकाशावर सरळ रेषांनी आखलेले असतात, कारण कागद सरळ असतो. ग्रंथाचा पहिला सुटलेला भाग हाच.

क्रांतिक फरकाची सत्ता

ग्रंथातून जो भाग टिकला तो म्हणजे प्रचरण विश्लेषणाचा तक्ता आणि त्याच्या तळाशी येणारा ‘क्रांतिक फरक’. विद्यापीठांच्या बोलीत त्याला सरळ ‘सी.डी.’ म्हणतात. दोन वाणांच्या माध्यांतील फरक सी.डी.पेक्षा अधिक भरला की तो ‘सार्थक’, कमी भरला की ‘समकक्ष’. ही रीत सोपी आहे, आणि सोपेपणामुळेच ती विचाराची जागा घेऊ शकली.

तिचे बळ किती ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, तुरीच्या आठ वाणांची चाचणी तीन पुनरावृत्तींत घेतली. सरासरी उत्पादन हेक्टरी १५०० किलो आणि विचरण गुणांक १५ टक्के आहे. कोरडवाहू चाचणीसाठी हा गुणांक वाईट म्हणता येणार नाही. म्हणजे एका वाफ्याचे प्रमाण विचलन २२५ किलो. दोन माध्यांतील फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १८४ किलो येते. त्रुटीचे स्वातंत्र्यांश १४ असल्यामुळे टी-मूल्य २.१४५ आणि क्रांतिक फरक सुमारे ३९४ किलो, म्हणजे सरासरीच्या २६ टक्के. याचा अर्थ असा की, एखादा वाण तुलना वाणापेक्षा खरोखर १० टक्क्यांनी सरस असला, तरी ही चाचणी बहुतेक वेळा त्याला ‘समकक्ष’च ठरवील. १० टक्क्यांचा क्रांतिक फरक मिळवायचा तर याच परिस्थितीत सुमारे १८ पुनरावृत्ती लागतील. इतक्या पुनरावृत्ती कोणत्याही केंद्राला परवडत नाहीत. जो फरक मोजण्याची ताकद चाचणीत मुळातच नव्हती, तो ‘आढळला नाही’ असे म्हणणे हा निष्कर्ष नव्हे.

याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. समजा, वरील आठही वाण प्रत्यक्षात अगदी सारखे आहेत. तरीही नशिबाने कोणी तरी पहिला येणारच. संख्याशास्त्र सांगते की, आठ समान वाणांतील पहिल्या क्रमांकाचे माध्य सर्वसाधारण माध्यापेक्षा सरासरीने १.४२ प्रमाण त्रुटींनी वर दिसते. येथे एका माध्याची प्रमाण त्रुटी १३० किलो आहे, म्हणजे हा भ्रामक लाभ सुमारे १८५ किलो किंवा १२ टक्के होतो. प्रसारणाच्या प्रस्तावांत ‘तुलना वाणापेक्षा इतके टक्के अधिक’ हा जो आकडा ठळकपणे दिला जातो, त्यात निवडीतून आलेली ही फुगवट किती आणि वाणाचा खरा गुण किती, हे वेगळे काढून दाखवण्याची प्रथा आपल्याकडे रूढ नाही. शेतकऱ्याच्या शेतावर आल्यानंतर वाण ‘घसरला’ अशी तक्रार होते आणि दोष लागवड पद्धतीवर किंवा प्रसंगी शेतकऱ्यावर ढकलला जातो. पुष्कळदा वाण घसरलेला नसतो. चाचणीतच तो आपल्या खऱ्या उंचीपेक्षा उंच दिसलेला असतो.

यावरील उपाय नवा नाही. वाणांमधील खरी आनुवंशिक तफावत आणि त्रुटी यांच्या प्रमाणात प्रत्येक माध्य सर्वसाधारण माध्याकडे ओढून घ्यायचे, हे तत्त्व पशुप्रजननाच्या क्षेत्रात सी. आर. हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून विकसित केले. आज ते ‘ब्लप’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. वरील उदाहरणात वाणांमधील खरे प्रमाण विचलन १०० किलो धरले, तर माध्यांच्या पातळीवरील आनुवंशिकता सुमारे ०.३७ येते आणि १८५ किलोंचा लाभ आकसून ६९ किलो होतो. १२ टक्क्यांचे साडेचार टक्के होतात. प्रस्ताव लिहिणाऱ्यास हा आकडा उत्साहवर्धक वाटणार नाही, तथापि बियाणे विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने तोच अधिक खरा आहे.

दुष्काळी वर्ष ‘त्रुटी’ ठरते तेव्हा

आतापर्यंतची चर्चा एका चाचणीची होती. वाणाची शिफारस मात्र एका चाचणीवर होत नाही. बहुस्थानीय चाचण्या अनेक वर्षे घेतल्या जातात, त्यांचे एकत्रित विश्लेषण होते आणि राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्कोच्या बैठकीत शिफारशींवर चर्चा होते. रचना म्हणून ही व्यवस्था उत्तम आहे. प्रश्न एकत्रीकरणाच्या वेळी काय गाळले जाते, हा आहे.

समन्वित चाचण्यांच्या अहवालांत एखाद्या केंद्रावरील चाचणी ‘विचरण गुणांक अधिक’ किंवा ‘सरासरी उत्पादन अत्यल्प’ या कारणास्तव एकत्रित विश्लेषणातून वगळल्याच्या नोंदी असतात. वरवर पाहता हा नियम सावधगिरीचा आहे. जनावरे शिरली, पाणी तुंबले, उगवण विरळ झाली, अशा चाचण्या वगळल्याच पाहिजेत. परंतु विचरण गुणांक म्हणजे प्रमाण विचलन भागिले माध्य, हे येथे विसरले जाते. एका चाचणीत वाफ्याचे प्रमाण विचलन १२० किलो आणि सरासरी १५०० किलो असेल तर गुणांक ८ टक्के येतो. पाऊस हुकलेल्या वर्षी प्रमाण विचलन तेवढेच राहिले, पण सरासरी ४५० किलोंवर आली, तर गुणांक २७ टक्के होतो. मापनाची अचूकता किलोंमध्ये तीच असताना दुसरी चाचणी ‘अविश्वसनीय’ ठरते. प्रत्यक्षात अल्प उत्पादनाबरोबर प्रमाण विचलनही काहीसे उतरते, हे मान्य करावयास हवे. मात्र ते त्याच प्रमाणात उतरत नाही. परिणामी, हा नियम कोणाच्याही मनात नसताना दुष्काळी वर्षांना पद्धतशीरपणे बाहेर काढतो.

मराठवाड्याच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो? या विभागात २०१२, २०१४ आणि २०१५ ही वर्षे अल्पपर्जन्याची गेली. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. २०१८ मध्ये पुन्हा तीच स्थिती आली. ज्या प्रदेशात दहा वर्षांत अशी चार वर्षे येतात, तेथे दुष्काळ हा अपवाद मानता येत नाही. तेथील वातावरणाचाच तो एक भाग आहे. अशा वर्षांच्या चाचण्या वगळून काढलेले माध्य हे पावसाने साथ दिलेल्या मराठवाड्याचे माध्य ठरते, आणि त्या माध्यावर निवडलेला वाण त्या कल्पित मराठवाड्यासाठीच योग्य असतो.

आणखी एक काल्पनिक, पण अशक्य नसलेले उदाहरण घेऊ. ‘अ’ वाण चांगल्या वर्षी हेक्टरी २२०० किलो देतो, दुष्काळात ५०० किलो. ‘ब’ वाण अनुक्रमे १७०० आणि ८००. तीन वर्षांत एक दुष्काळी धरले तर ‘अ’चे माध्य १६३३ आणि ‘ब’चे १४०० येते. प्रस्तावात ‘अ’ हा सुमारे १७ टक्क्यांनी सरस ठरतो आणि दुष्काळी चाचणी वगळली तर २९ टक्क्यांनी. आता बियाणे, खत, फवारणी आणि मजुरीचा खर्च निघण्यासाठी किमान ७०० किलो लागतात असे समजा. ‘अ’ तीनांतील एका वर्षी शेतकऱ्याला कर्जात टाकतो, ‘ब’ एकदाही नाही. कोणता वाण चांगला? ज्याच्याकडे दोन वर्षांची शिल्लक आहे त्याला ‘अ’. ज्याचे पीककर्ज पुढच्या मार्चमध्ये फेडायचे आहे त्याला ‘ब’. प्रचरण विश्लेषणाच्या तक्त्यात हा दुसरा शेतकरी कोठेच नाही.

के. एम. एस्क्रिज यांनी १९९० साली ‘क्रॉप सायन्स’ या नियतकालिकात ‘आधी सुरक्षितता’ या तत्त्वावर स्थिर वाण निवडण्याची रीत मांडली. वाणाचे उत्पादन ठरावीक पातळीखाली जाण्याची संभाव्यता किती, या कसोटीवर वाणांची तुलना त्यात केली जाते. ती समजण्यास अवघड नाही. उलट, आपल्या शेतकऱ्याला याच धर्तीचा विचार एका वेगळ्या मार्गाने पूर्ण परिचयाचा आहे.

उंबरठा उत्पन्न : एक विचारणीय विसंगती

हा मार्ग म्हणजे पीक विमा. सुखात्मे यांचे नाव मराठवाड्यातील शेतकऱ्याने ऐकलेले नसते, पण त्यांच्या कामाचा एक धागा तो दरवर्षी अनुभवतो, तो म्हणजे पीक कापणी प्रयोग. १९४०च्या दशकात पीक उत्पादनाचा अंदाज घेण्यासाठी किती मोठा तुकडा कापावा, यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यात गाजलेला वाद झाला. फार लहान तुकडे घेतले की सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन फुगते, असे सुखात्मे यांनी दाखवले. मोठे तुकडे आणि शासनाच्या नियमित यंत्रणेकडून कापणी, हा त्यांचा आग्रह होता. देशात जी पद्धत पुढे रुळली तिच्यावर त्या आग्रहाची स्पष्ट छाप आहे.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानभरपाई ठरवण्यासाठी ‘उंबरठा उत्पन्न’ ही संकल्पना वापरली जाते. गेल्या सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणले जाते. मंडळातील प्रत्यक्ष उत्पन्न या उंबरठ्याखाली गेले की भरपाई देय होते. येथेही दोन वाईट वर्षे वगळली जातात, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईल. मात्र तेथे वगळण्याने उंबरठा उंचावतो आणि शेतकऱ्याचा फायदा होतो. वाणांच्या चाचणीत वाईट वर्ष वगळल्याने त्याच शेतकऱ्याच्या माथी अधिक जोखीम येते. क्रिया एकच, परिणाम मात्र उलट दिशेचे.

विसंगती अशी की, शासनाचा एक हात शेतीचे मोजमाप ‘उंबरठ्याखाली गेले काय’ या प्रश्नाने करतो आणि दुसरा हात त्याच शेतात पेरण्याच्या वाणाचे मोजमाप ‘सरासरी किती’ एवढ्याच प्रश्नाने करतो. वाणाच्या शिफारशीसोबत ‘उंबरठ्याखाली जाण्याचे प्रमाण’ हा एक स्तंभ जोडणे प्रशासकीयदृष्ट्या अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. बाजरीचे उदाहरण समोर आहे. संकरित बाजरी पुढील टप्प्यात नेण्यासाठी लोहाचे किमान ४२ आणि जस्ताचे किमान ३२ दशलक्षांश प्रमाण असावे, असा निकष २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वीकारण्यात आला. आपल्या शहरातील पैठण रस्त्यावरील राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पाने विकसित केलेला ए.एच.बी. १२०० हा लोहयुक्त संकरित वाण याच विचारधारेतील आहे. उत्पादनाबाहेरचा एक उंबरठा निवडीत आणता आला, तर उत्पादनातलाच उंबरठा का आणता येऊ नये?

तुरीच्या बाबतीत तर हा प्रश्न येथील संशोधन केंद्रांच्या हातून अप्रत्यक्षपणे सुटलेलाही आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राचा बी.एस.एम.आर. ७३६ हा तांबड्या दाण्याचा वाण सुमारे १८० दिवसांचा. वांझ रोगाला तोंड देण्याची त्याची क्षमता हे त्याचे मोठे बळ. याच केंद्राचा बी.डी.एन. ७११ हा पांढऱ्या दाण्याचा वाण सुमारे १५० ते १५५ दिवसांत येतो. परतीचा पाऊस लवकर थांबला, तर महिन्याभराचा हा फरक शेंगा भरण्याच्या आड येणारा किंवा त्यांना वाचवणारा ठरतो, आणि जमीन जितकी हलकी तितका तो निर्णायक ठरतो. म्हणजे पैदासकाराच्या मनात दुष्काळाचा विचार आहे. तो विश्लेषणाच्या तक्त्यात उतरत नाही, एवढीच अडचण आहे. रब्बी ज्वारीचेही तसेच. मोहोळ येथे स्वातंत्र्यपूर्व काळात निवडलेली मालदांडी आजही अनेकांच्या शेतात टिकून आहे, याचे कारण केवळ धान्याच्या माध्यात शोधणारा ते सापडवू शकणार नाही. कडबा, भाकरीची चव आणि ओलावा संपत आला तरी काहीतरी हाती देण्याचा गुण, या तिन्हींचा हिशेब शेतकरी एकत्र करतो. आपण मात्र त्यांचे तीन वेगळे तक्ते करतो आणि प्रत्येकाच्या तळाशी वेगळा सी.डी. लिहितो. छावणीच्या आठवडी बाजारात दुष्काळी वर्षी विक्रीला येणाऱ्या जनावरांची संख्या पाहिली, तर कडब्याला दुय्यम गुणधर्म का म्हणू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

स्थिरतेचे विश्लेषण आणि नवे कर्मकांड

वाण आणि वातावरण यांच्या आंतरक्रियेचा विचार आपल्याकडे अजिबात होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एबरहार्ट आणि रसेल यांची १९६६ची रीत आपल्या प्रबंधांत मोठ्या प्रमाणात वापरली जाते. प्रत्येक वातावरणाचा निर्देशांक काढायचा, वाणाचे उत्पादन त्यावर समाश्रयित करायचे आणि मग उतार एकच्या जवळ व विचलन शून्याच्या जवळ असलेला अधिक माध्याचा वाण ‘स्थिर’ ठरवायचा. त्याआधी फिनले आणि विल्किन्सन यांनी १९६३ साली ऑस्ट्रेलियातील बार्लीवर हीच कल्पना मांडली होती. वरील उदाहरणातील ‘अ’चा उतार १.३१ आणि ‘ब’चा ०.६९ येतो. प्रबंधात ‘ब’विषयी ‘प्रतिकूल वातावरणासाठी योग्य’ असे वाक्य लिहिले जाते. शिफारशीच्या वेळी ते वाक्य मागे राहते आणि माध्य पुढे जाते.

शिवाय या रीतीच्या मर्यादा जुन्याच आहेत. निर्देशांक त्याच वाणांच्या उत्पादनातून काढलेला असल्यामुळे तो स्वतंत्र चल नसतो, हा आक्षेप फ्रीमन आणि पर्किन्स यांनी १९७१ मध्येच नोंदवला. तीन किंवा चार वातावरणांवर आधारलेल्या उतारावर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत भाष्य करणे, हा तर निव्वळ आत्मविश्वासाचा प्रकार आहे. इतक्या थोड्या बिंदूंतून काढलेल्या उताराची प्रमाण त्रुटीच सोबत दिली, तर अनेक चर्चा सुरूच होणार नाहीत.

अलीकडे ‘अम्मी’ आणि ‘जीजीई बायप्लॉट’ यांची लाट आली आहे. गॉख यांनी १९८०च्या दशकाअखेरीस अम्मीचा पुरस्कार केला, यान यांच्या बायप्लॉटला २००० नंतर लोकप्रियता मिळाली. चांगली साधने आहेत. पण तीन ठिकाणे आणि दोन वर्षांच्या आकडेवारीवर रंगीत बायप्लॉट काढून ‘आदर्श वाण’ घोषित करणे आणि पूर्वी सी.डी. पाहून ‘सार्थक’ लिहिणे, यांत वृत्तीचा फरक नाही. हिसार येथे तयार झालेली ‘ओपीस्टॅट’ आणि गोव्याच्या संशोधन संकुलाची ‘वास्प’ ही संगणकीय साधने विद्यार्थ्यांना मोठा आधार ठरली, ‘आर’ तर विनामूल्य उपलब्ध आहे. गणिताचे श्रम संपले, त्याबरोबर गणित करताना आकड्यांकडे पाहण्याची जी सक्ती होती तीही संपली. १९५४चा विद्यार्थी गणनयंत्रावर वर्गांची बेरीज करताना विक्षिप्त वाफा कोणता ते डोळ्यांनी पाहत असे.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरा बदल वेगळ्या ठिकाणी आहे. पॅटर्सन आणि थॉम्प्सन यांची १९७१ची प्रचरण-अनुमानाची रीत, पॅटर्सन आणि विल्यम्स यांचे १९७६चे ‘अल्फा’ आराखडे, आणि गिल्मर, कलिस व व्हर्बिला यांनी १९९७ साली मांडलेले प्रक्षेत्रावरील अवकाशीय विश्लेषण, या प्रवाहाने दोन गोष्टी शक्य केल्या. पहिली, जमिनीची असमानता गटांच्या सरळ चौकटीत कोंबण्याऐवजी शेजारच्या वाफ्यांतील साम्यावरून ओळखता येते. ही कल्पना ग्रीसमध्ये पापाडाकिस यांनी १९३७ मध्येच सुचवली होती. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. प्रत्येक चाचणीला तिचे स्वतःचे त्रुटी-प्रचरण देता येते. त्यामुळे अस्थिर चाचणी वगळण्याची गरज राहत नाही. तिच्यात जितकी माहिती आहे तितकेच वजन तिला आपोआप मिळते. दुष्काळी वर्ष बाहेर काढण्यामागे गणिताची जी सबब होती, ती आता उरलेली नाही. पानसे-सुखात्मे यांना ही सोय नव्हती. हाताने गणित करताना संतुलित आराखडा आणि सारखी प्रचरणे ही गरज होती, आणि त्या गरजेत त्यांनी जे दिले ते अव्वल दर्जाचे होते. ती गरज संपल्यानंतरही तिच्यातून जन्मलेले नियम पाळत राहण्याचे दायित्व ग्रंथकारांवर टाकता येत नाही.

सुखात्मे यांचा पुढचा प्रवास

येथे सुखात्मे यांच्या उत्तरायुष्यातील कामाकडे वळणे आवश्यक वाटते. १९५१ ते १९७० या काळात ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते. नंतर पुण्यात परतून त्यांनी पोषणाच्या प्रश्नावर जे लिहिले त्यावरून मोठे वादंग माजले. एकाच व्यक्तीची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरी गरजेची एकच रेषा आखून तिच्याखालचे सर्व लोक कुपोषित मानणे चूक आहे, असे त्यांचे आणि शेल्डन मार्गेन यांचे प्रतिपादन होते. वि. म. दांडेकर यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर कठोर टीका केली, आणि भुकेची व्याप्ती कमी दाखवण्यास हे प्रतिपादन उपयोगी पडेल ही भीती निराधार नव्हती. निष्कर्षाविषयी मतभेद राहोत. त्यामागील आग्रह मात्र निःसंशय महत्त्वाचा आहे : काळानुसार होणारा चढउतार ही मोजमापाची चूक नसून मोजण्याचीच वस्तू आहे.

हाच आग्रह वाणाला लावून पाहावा. वर्षागणिक बदलणारे उत्पादन म्हणजे वाणाच्या खऱ्या मूल्याभोवतीची धूळ नव्हे. कोरडवाहू शेतीत तो चढउतार हा वाणाचा गुणधर्मच आहे, आणि दाण्याच्या रंगाइतकाच नोंदवण्याजोगा आहे. ज्यांचे नाव प्रत्येक प्रबंधात येते त्यांच्यापैकी एकाने आयुष्याची अखेरची दोन दशके ज्या मुद्द्यासाठी खर्ची घातली, तो त्यांच्या नावाने होणाऱ्या विश्लेषणात ‘वर्ष × वाण’ या एका ओळीत, सार्थक की असार्थक या एका तारकेत मिटवला जातो.

तेव्हा मागणी करावयाची तर ती नव्या सॉफ्टवेअरची नाही. परभणी, बदनापूर, नांदेड आणि पैठण रस्त्यावरील प्रक्षेत्रांवर २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ या वर्षांत ज्या वाणचाचण्या पेरल्या गेल्या, त्यांपैकी काही एकत्रित विश्लेषणाबाहेर राहिल्या असतील, तर त्यांच्या वाफानिहाय नोंदी प्रक्षेत्र-वह्यांत असल्या पाहिजेत : वाफ्याचा क्रमांक, ओळींची संख्या, मोजलेले किलो, शेरा. त्या नोंदी प्रथम प्रसिद्ध व्हाव्यात, जशाच्या तशा, अल्प उत्पादन आणि मोठ्या विचरण गुणांकासह. आज शिफारशीत असलेले कोणते वाण त्या चार वर्षांत ७०० किलोंच्या खाली गेले आणि कोणते गेले नाहीत, हे एका तक्त्यात मांडण्यासाठी प्रचरण विश्लेषणाचीही गरज नाही.